बचत झाली, सवलत गेली : एका सूतगिरणीच्या वीजबिलाचा हिशेब

सूतगिरणीने सात टक्के वीज वाचवली आणि बिलात त्याच्या निम्मीही रक्कम दिसली नाही, की पहिला संशय मीटरवर जातो आणि दुसरा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) विकणाऱ्यावर. इथे दोघेही निर्दोष आहेत. पैसा बिलातच हरवला. वीजदराने एका हाताने दिलेले बक्षीस दुसऱ्या हाताने काढून घेतले, आणि ते परत मिळवायला एका अर्जाची गरज होती. तो अर्ज कोणी केला नव्हता.

गिरणी प्रातिनिधिक आहे. इचलकरंजी-हातकणंगले पट्ट्यात दिसते तशी, २५,२०० चात्यांची, १,००८ चात्यांच्या २५ रिंग फ्रेम (सूत कातणारी यंत्रे) असलेली, तीन पाळ्यांत आठवडाभर चालणारी. महावितरणची ११ केव्हीवरची उच्चदाब ग्राहक, करार मागणी (कंपनीशी ठरलेली भाराची कमाल मर्यादा) १,५०० केव्हीए, आत प्रत्येकी १,००० केव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर. आकडे हिशेबासाठी बांधले आहेत, पण अशा गिरणीच्या लॉगबुकात बसतील असेच आहेत. दररचना २०२३-२४ मधली धरली आहे. बेरजा डोळ्यांसमोर राहाव्यात म्हणून ऊर्जा आकार ८ रुपये प्रति केव्हीएएच (किलोवॅट-तास भागिले पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला लागणारा वाटा) आणि मागणी आकार ५०० रुपये प्रति केव्हीए असे गोल घेतले आहेत. वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क आणि वस्त्रोद्योग धोरणातली प्रति युनिट सूट हिशेबाबाहेर ठेवली आहे.

प्रोत्साहन नेमके कुठे असते

वीज कंपनीची कार्यक्षमता-प्रोत्साहन योजना म्हटले की डोळ्यांसमोर धनादेश येतो: जुनी मोटर काढा, नवी बसवा, पावती दाखवा, पैसे घ्या. अमेरिकेतल्या अनेक वीज कंपन्या अशा योजना चालवतात. आपल्याकडेही महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे मागणी व्यवस्थापनाचे विनियम २०१० पासून आहेत, आणि मुंबईत टाटा पॉवरने त्याखाली कार्यक्षम एसी-पंख्यांच्या योजना राबवल्या आहेत. केंद्राच्या पॅट (मोठ्या उद्योगांना ऊर्जाबचतीचे लक्ष्य देणाऱ्या) योजनेत वस्त्रोद्योगासाठी उंबरठा वर्षाला ३,००० टन तेल-समतुल्य ऊर्जेचा आहे. ही गिरणी वर्षाला सुमारे १ कोटी २ लाख युनिट वापरते, म्हणजे ८७६ टन. ती त्या यादीच्या आसपासही नाही.

म्हणून अशा ग्राहकाचे खरे प्रोत्साहन बिलाच्या ओळींत असते, आणि त्या ओळी चार आहेत. पहिली केव्हीएएच आकारणी. १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर निघते. पॉवर फॅक्टरची वेगळी सूट आणि वेगळा दंड गेला, तो आता प्रत्येक युनिटमध्ये मुरला आहे. दुसरी टीओडी, म्हणजे वेळेनुसार बदलणारा दर: २०२३-२४ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ दीड रुपया सूट, सकाळी ९ ते १२ ऐंशी पैसे जादा, संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जादा, बाकी वेळ शून्य. तिसरी बिल काढल्याच्या तारखेपासून सात दिवसांत भरल्यास एक टक्का. चौथी लोड फॅक्टर इन्सेंटिव्ह, आणि सगळी गोम तिथे आहे.

लोड फॅक्टर म्हणजे महिन्याचा वापर भागिले त्या महिन्यात शक्य असलेला कमाल वापर. हा कमाल वापर करार मागणी गुणिले महिन्याचे तास असा काढतात, मीटरवर नोंदलेले खंडित पुरवठ्याचे तास वजा करून. लोड फॅक्टर ७५ टक्क्यांच्या वर गेला की ८५ पर्यंत प्रत्येक टक्क्याला ऊर्जा आकारावर ०.७५ टक्के सूट, ८५ च्या पुढे प्रत्येक टक्क्याला १ टक्का, एकूण मर्यादा १५ टक्के. ती ९२.५ टक्के लोड फॅक्टरला गाठली जाते. अटी तीन: थकबाकी नको, बिल सात दिवसांत भरलेले हवे, आणि त्या महिन्यात करार मागणी एकदाही ओलांडलेली नको. रात्रीच्या तासांतही नको. दिवसा वाढलेली मागणी सगळ्यांच्या लक्षात येते. रात्री दोन वाजता वाढलेली मागणी बिल आल्यावर कळते.

सुरुवातीची स्थिती

सरासरी भार १,१८० किलोवॅट. त्यात रिंग फ्रेम ६६०, ब्लोरूमपासून स्पीड फ्रेमपर्यंतचा पूर्वतयारी विभाग २००, ह्युमिडिफिकेशन प्लांट (खात्यातली हवा दमट ठेवणारी यंत्रणा) १५०, ऑटोकोनर (सूत कोनावर गुंडाळणारी यंत्रे) ८५, कॉम्प्रेसर ६५, दिवे व किरकोळ २०. तीस दिवसांच्या महिन्यात सुमारे ८,४९,३०० युनिट. उच्चदाब मीटरवर पॉवर फॅक्टर ०.९८३, म्हणून बिल ८,६४,००० केव्हीएएचचे. कमाल मागणी १,४३० केव्हीए.

लोड फॅक्टर बरोबर ८० टक्के. पाच टक्के जादा, म्हणजे ३.७५ टक्के सूट: ६९,१२,००० रुपयांच्या ऊर्जा आकारावर २,५९,२०० रुपये. टीओडीतही अशी गिरणी काही न करता कमावते. चोवीस तास सपाट भाराची सरासरी काढली तर आठ तासांची दीड रुपयाची सूट दिवसाच्या दोन अधिभारांवर मात करून युनिटमागे साधारण २२ पैसे शिल्लक टाकते.

काय काय केले

सर्वांत मोठी बचत ह्युमिडिफिकेशनमध्ये होती, २८ किलोवॅट. रिंग खात्याला सापेक्ष आर्द्रता ५५ ते ६० टक्के लागते. पंखे मात्र मे महिन्याच्या दुपारसाठी निवडलेले असतात आणि जुलैच्या रात्रीही त्याच वेगाने फिरतात. वेग ७० टक्क्यांवर आणला की पंख्याची शक्ती घनाच्या नियमाने ३४ टक्क्यांवर येते. सप्लाय आणि रिटर्न पंख्यांना व्हीएफडी, जुन्या ॲल्युमिनियम इम्पेलरच्या (पंख्याच्या चक्राच्या) जागी एफआरपी (फायबर-प्लास्टिक), आणि खात्यात आर्द्रता-तापमानाचे सेन्सर, एवढेच काम. बिघडते ते नंतर. व्हीएफडी लावल्यावर डॅम्पर पूर्ण उघडे करायला विसरतात. मग पंखा हळू फिरतो आणि अर्ध्या बंद दारातून हवा ढकलतो. सेन्सरवर फ्लफ (कापसाचे उडते तंतू) बसते, तो खोटी आर्द्रता सांगतो, धागा तुटण्याचे प्रमाण वाढते, आणि रात्रपाळीचा सुपरवायझर कंटाळून व्हीएफडी मॅन्युअलवर ५० हर्ट्झला टाकतो. त्याचे चुकत नाही, त्याला सुताचा जाब द्यायचा असतो, युनिटचा नाही. उपाय साधा आहे: सेन्सर आठवड्याला पुसणे, महिन्याला स्लिंग सायक्रोमीटरशी (हाताने फिरवून आर्द्रता मोजायच्या साधनाशी) ताडून पाहणे, आणि किमान वेग ३० हर्ट्झच्या खाली न जाऊ देणे. त्याखाली रिटर्नच्या भुयारात हवेचा वेग पडतो आणि फ्लफ तिथेच साठते.

न्यूमाफिल, म्हणजे तुटलेला धागा ओढून घेणाऱ्या, पंख्यांत २५ फ्रेमवर प्रत्येकी ०.७ किलोवॅट, एकूण १७.५. नवे इम्पेलर बसवताना व्यास बेताबेताने कमी करायचा आणि प्रत्येक वेळी पंख्यापासून सर्वांत लांबच्या चातीजवळ सक्शन मोजायचे. जवळच्या टोकाला सक्शन नेहमीच भरपूर दिसते. तिथे मोजून समाधान मानले की लांबच्या टोकाला तुटलेला धागा ओढला जात नाही, रोलरवर लॅपिंग होते (धागा गुंडाळला जातो), आणि एका फ्रेमच्या बंद वेळेत महिन्याची बचत वाहून जाते.

कॉम्प्रेसरमध्ये १४ किलोवॅट. दाब ७.५ बारवरून ६.६ वर आणला. ऑटोकोनरच्या, हवेने धागा जोडणाऱ्या स्प्लायसरला साडेसहा बारपर्यंत दाब पुरतो. एक बार कमी केल्याने साधारण सहा-सात टक्के वीज वाचते, म्हणजे दाबातून चारच किलोवॅट आले. उरलेले दहा गळतीचे. सात बारवर ३ मिलिमीटरचे एक भोक सुमारे साडेतीन किलोवॅट खाते, म्हणजे अशी तीनच भोके बुजवली तरी पुरे. गळती मोजण्याची पद्धत प्रसिद्ध आहे: सगळी यंत्रे बंद, एक कॉम्प्रेसर चालू, लोडचा वेळ भागिले लोड अधिक अनलोडचा वेळ. दीड मिनिट लोड आणि साडेचार मिनिटे अनलोड म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के गळती. पण चोवीस तास चालणाऱ्या गिरणीत सगळी यंत्रे बंद कधी असणार? म्हणून खातेनिहाय व्हॉल्व्ह बसवून एकेक खाते देखभालीच्या वेळी तपासावे लागते. संपूर्ण चाचणी दिवाळीच्या बंदमध्येच होते.

दिव्यांत विशेष काही नाही. कॉपर चोकच्या २५० ट्यूबलाइट गेल्या, एलईडी आल्या, ७.५ किलोवॅट वाचले.

चारही मिळून महिन्याला ४८,२४० युनिट.

केव्हीएएचची बाजू

एपीएफसी पॅनेलवर (कॅपॅसिटर चढवून-उतरवून पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारे पॅनेल) पॉवर फॅक्टर ०.९९ दिसत होता आणि बिलावर ०.९८३ येत होता. हा फरक ट्रान्सफॉर्मरचा आहे. पॅनेलचा सीटी (प्रवाह मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) लघुदाब बाजूला असतो, महावितरणचे मीटर उच्चदाब बाजूला. ६०० केव्हीए भार असलेला १,००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर चुंबकनासाठी सुमारे १० आणि पाच टक्के इम्पिडन्समुळे १८, असे २८ केव्हीएआर (प्रत्यक्ष काम न करणारी, रिॲक्टिव्ह शक्ती) स्वतःच घेतो. दोघांचे ५६. ते पॅनेलला दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर २५ केव्हीएआरचा स्थिर कॅपॅसिटर, तोही ट्रान्सफॉर्मर आणि एपीएफसीच्या सीटीच्या मध्ये. सीटीच्या अलीकडे, म्हणजे भाराच्या बाजूला, लावला तर रिले त्याची दखल घेतो, आपली एक पायरी तेवढ्यासाठी उतरवतो आणि खर्च वाया जातो. रिलेचे लक्ष्य ०.९९८ लॅगिंगला ठेवले की उच्चदाब मीटरवर ०.९९७ सहज मिळतो. नेमका एक गाठायचा हट्ट कशाला? पायऱ्या पुढे-मागे होतात आणि कॅपॅसिटर गरजेपेक्षा जास्त होऊन भार लॅगिंगच्या उलट बाजूला, लीडिंगमध्ये जातो. केव्हीएएच मोजणीत लीडिंगलाही लॅगिंगइतकीच किंमत पडते.

नवे व्हीएफडी आल्यावर कॅपॅसिटर फुगू लागले, तर त्यात नवल नाही. सहा पल्सचे व्हीएफडी पाचवा आणि सातवा हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पाचपट आणि सातपट वारंवारतेचा प्रवाह) सोडतात. १,००० केव्हीए, पाच टक्के इम्पिडन्स म्हणजे शॉर्टसर्किट क्षमता २० एमव्हीए. बसवर (सामाईक वीजपट्टीवर) ४०० केव्हीएआर कॅपॅसिटर चढले की अनुनादाचा क्रम २०,००० भागिले ४०० चे वर्गमूळ, म्हणजे ७.०७. सातव्या हार्मोनिकच्या अगदी डोक्यावर. कॅपॅसिटरला सात टक्क्यांचा डीट्यून रिॲक्टर (कॉइल) लावला की अनुनाद १८९ हर्ट्झवर, पाचव्याच्याही खाली, उतरतो. पण इथे खरेदी खाते हमखास चुकते. रिॲक्टरमुळे कॅपॅसिटरवरचा व्होल्टेज ४३३ वरून ४६६ होतो, म्हणून ४४० व्होल्टचा जुना कॅपॅसिटर चालत नाही, ५२५ व्होल्टचा घ्यावा लागतो. आणि ५२५ व्होल्टवर १०० केव्हीएआर छापलेला डबा या जोडणीत प्रत्यक्षात ७३ केव्हीएआर देतो. १०० धरून मागवले की पॅनेल पहिल्या दिवसापासून अपुरे.

दुसरी चूक दिवाळीत महाग पडते. गिरणी चार दिवस बंद, भार फक्त दिव्यांचा आणि पंपाचा, २० किलोवॅट. एपीएफसी मॅन्युअलवर राहिली आणि २०० केव्हीएआर बसवर तसेच. ट्रान्सफॉर्मरचे २० वजा करून १८० केव्हीएआर लीडिंग. मीटर दिवसाला ४८० ऐवजी ४,३४६ केव्हीएएच मोजते. चार दिवसांचे जादा सुमारे १ लाख २४ हजार रुपये, आणि त्यात एक किलोही सूत नाही.

पॉवर फॅक्टरच्या सुधारणेतून महिन्याला साधारण ११,४०० केव्हीएएच आले. सगळे मिळून नवा वापर ८,०३,५०० केव्हीएएच, बचत ६०,५००.

बिलात काय दिसले

६०,५०० गुणिले ८ म्हणजे ४,८४,००० रुपये. प्रकल्प अहवालात हाच आकडा होता, आणि ४५ लाख गुंतवणूक धरून सव्वानऊ महिन्यांत परतफेड लिहिली होती.

पण लोड फॅक्टर ८० वरून ७४.४ टक्क्यांवर आला. ७५ च्या खाली इन्सेंटिव्ह शून्य. २,५९,२०० रुपये गेले. ऊर्जा आकारात निव्वळ बचत २,२५,००० च्या आसपास राहिली, परतफेड वीस महिन्यांवर गेली. मागणी आकारातली घट त्यात मिळवली तरी संचालक मंडळाला दाखवलेला आकडा काही भरून येत नाही.

हे फक्त ७५ ची रेघ ओलांडल्यामुळे झाले, असे समजून "थोडी कमी बचत केली असती तर" म्हणणारे भेटतात. ते बरोबर नाही. ८० टक्क्यांवर उभ्या असलेल्या गिरणीत वाचवलेल्या पुढच्या युनिटची किंमत आठ रुपये नसतेच. त्या युनिटवर सूट वजा जाता ७ रुपये ७० पैसे वाचतात, पण लोड फॅक्टर घसरल्याने उरलेल्या सगळ्या युनिटांवरची सूट किंचित कमी होते, आणि तो फटका ४ रुपये ८० पैशांचा बसतो. हातात उरतात २ रुपये ९० पैसे. म्हणजे आठ रुपयांच्या दराने मांडलेला प्रत्येक परतफेडीचा हिशेब पहिल्या युनिटपासूनच चुकीचा होता.

९० टक्क्यांवर तर मामला उलटाच होतो. त्याच १,५०० केव्हीएवर वापर ९,७२,००० केव्हीएएच आणि सूट १२.५ टक्के, तर ऊर्जा आकार ६८,०४,००० रुपये. वापर ९,६१,२०० वर आणून लोड फॅक्टर ८९ केला तर सूट ११.५ टक्के आणि आकार ६८,०५,२९६. दहा हजारांवर युनिट वाचवली आणि ऊर्जा आकार तेराशे रुपयांनी वाढला. कार्यक्षमतेला प्रोत्साहन देणारे आणि सपाट भाराला प्रोत्साहन देणारे कलम एकाच बिलात एकमेकांच्या पायात पाय घालतात. आयोगाचा हेतू वाईट नाही. सपाट भार वीज खरेदीच्या नियोजनाला सोयीचा असतो. पण गिरणीच्या बाजूने हा परिणाम कोणी सांगत नाही.

शेवटची पायरी : करार मागणी

लोड फॅक्टरच्या भागाकारात छेद करार मागणीचा आहे. वापर कमी झाला तर छेदही कमी करायचा. कमाल मागणी १,४३० वरून सुमारे १,३३५ केव्हीएवर आली होती, म्हणजे करार मागणी १,४०० करायला जागा होती. मग शक्य वापर १०,०८,००० केव्हीएएच, लोड फॅक्टर ७९.७ टक्के, सूट साडेतीन टक्क्यांच्या जरा वर, महिन्याला साधारण २,२७,००० रुपये. ऊर्जा आकारातली निव्वळ बचत ४,५२,०००. शिवाय बिलिंग डिमांड (जिच्यावर मागणी आकार लागतो ती) ९५ केव्हीएने घटली, त्याचे ४७,५०० रुपये दरमहा. एकूण पाच लाखांच्या घरात, अहवालातल्या आकड्याहून थोडे जास्तच.

आणखी खाली, १,३५० ला का नाही? तिथे लोड फॅक्टर ८२.७, सूट ५.७५ टक्के, ३,६९,००० रुपये. १,४०० च्या तुलनेत दरमहा १ लाख ४२ हजार जादा. नुसत्या अंकगणितात वर्षातून चार महिने मर्यादा ओलांडून इन्सेंटिव्ह गमावला तरी १,३५० फायद्याचे ठरते. पण मागणी ओलांडणे वर्षभर सारखे विखुरलेले नसते. ते एप्रिल, मे आणि जूनच्या सुरुवातीला ओळीने येते. दिवसाच्या जादा मागणीवर दीडपट दर लागतो, आणि कॅलेंडर वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा ओलांडली तर करार मागणी बदलण्याची कारवाई कंपनी करू शकते. शिल्लक जागा १५ केव्हीए, म्हणजे एका रिंग फ्रेमचीही नाही. डिमांड कंट्रोलर (मागणी मर्यादेजवळ गेली की ठरलेला भार उतरवणारे उपकरण) नसलेल्या गिरणीने १,३५० ला हात घालू नये. असेल तर काय उतरवायचे ते आधी ठरवावे: वेस्टचा बेलिंग प्रेस, राखीव कॉम्प्रेसर, एअर वॉशरचा एक पंप दहा मिनिटे. कार्डिंग आणि रिंग फ्रेम त्या यादीत नकोत.

मागणी कधी उसळते हेही ठरलेले आहे. फीडर ट्रिप होऊन वीज परत आली की खात्यातली आर्द्रता पडलेली असते, कंट्रोलर सगळे पंखे ५० हर्ट्झला नेतो, आणि त्याच वेळी फ्रेम एकामागून एक चालू होत असतात. मागणी क्षणाची नसून मीटरच्या ठरावीक खंडाची सरासरी असते. तो खंड १५ मिनिटांचा आहे की ३० चा, हे मीटर नोंदीतून पाहून घ्यावे आणि पुरवठा आल्यानंतर तेवढा वेळ व्हीएफडीच्या कमाल वेगाला लगाम घालावा. दिवाळीनंतरची उसळी निराळी. रिंग फ्रेमची शक्ती रिकाम्या कॉपपासून (बॉबिनवर गुंडाळलेल्या सुताची गुंडी) भरलेल्या कॉपपर्यंत वाढत जाते. एरवी डॉफ (भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावणे) मागे-पुढे असल्याने ते एकमेकांना भरून काढते, पण बंदनंतर सगळ्या फ्रेम रिकाम्या बॉबिनवर एकदम सुरू केल्या तर सगळ्या एकदम भरतात. म्हणून पहिल्या दिवशी फ्रेम खात्याखात्याने, अंतर ठेवून सुरू करायच्या.

करार मागणी कमी करण्याचा अर्ज उन्हाळा पाहिल्याशिवाय करू नये. जुलै-ऑगस्टच्या आकड्यांवर १,३०० देखील पुरेल असे वाटते. एकदा खाली आणलेली मागणी परत वाढवायची तर फीडरवर क्षमता आहे का हे तपासले जाते आणि खर्चही पडतो. उलट बाजाराची मंदी आली आणि पाच फ्रेम बंद ठेवाव्या लागल्या तर सुमारे १२८ किलोवॅट एकदम जातात, लोड फॅक्टर पुन्हा सत्तरीत जातो. त्या परिस्थितीत करार मागणीशी खेळण्यापेक्षा मंदी किती टिकणार याचा अंदाज घेतलेला बरा.

हिशेब तपासताना

बचत मोजायला बिलातली युनिट पुरेशी नाहीत. काउंट (सुताचा बारीकपणा) बदलला, उत्पादन बदलले की युनिट हलतात. किलोमागे युनिट ४० काउंटला बदलून घ्यावे आणि त्याच हंगामाच्या मागच्या वर्षाशी ताडावे. फेब्रुवारीची ऑगस्टशी तुलना करून ह्युमिडिफिकेशनची बचत सिद्ध करणारे अहवाल बरेच दिसतात.

पैशाच्या बाजूला वेळेचाही प्रश्न आहे. पंख्यांची बचत मुख्यत्वे रात्री आणि पावसाळ्यात होते. २०२३-२४ च्या टीओडीत रात्रीचे युनिट साडेसहा रुपयांचे होते, म्हणजे त्या २०,१६० युनिटांपैकी सुमारे ६० टक्के रात्रीची धरली तर वरच्या हिशेबातून महिन्याला अठरा हजार रुपये वजा करावे लागतात. संध्याकाळी ६ ते १० मध्ये वाचवलेले युनिट मात्र ९ रुपये १० पैशांचे. दिव्यांची आणि गळतीची बचत चोवीस तास सारखी असल्याने तिच्यात हा फरक जवळजवळ पडत नाही. २०२५ च्या दर आदेशांत आयोगाने सवलत रात्रीवरून दिवसाच्या सौर तासांकडे आणि अधिभार संध्याकाळनंतरच्या तासांकडे नेला, आणि त्यावर फेरविचाराचे व न्यायालयीन वादही झाले. केंद्राच्या २०२३ च्या ग्राहक हक्क नियमांची दिशा हीच आहे. रात्रीची सवलत गेली की पंख्यांची बचत महाग, म्हणजे गिरणीच्या फायद्याची होते, आणि सपाट भाराला आपोआप मिळणारे २२ पैसेही पुन्हा मोजावे लागतात. जुन्या अहवालातला परतफेडीचा तक्ता त्या तारखेनंतर वापरू नये.

राहिले सात दिवस. नोव्हेंबर ते मार्च कापूस खरेदीत गिरणीचे सगळे पैसे अडकलेले असतात आणि वीजबिल मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत रेटले जाते. मुदत पंधरा दिवसांची धरली, तर ८० लाखांचे बिल आठ दिवस आधी भरायला ११ टक्के दराने कॅश क्रेडिटचे व्याज सुमारे १९,३०० रुपये लागते. त्या बदल्यात १ टक्क्याची सूट आणि २,२७,००० चा इन्सेंटिव्ह मिळतो. सात दिवस बिलाच्या तारखेपासून मोजतात, बिल हातात पडल्यापासून नाही, म्हणून बिल पोर्टलवर आले त्याच दिवशी लेखा विभागाला कळण्याची सोय हवी. बिल उघडल्यावर खंडित पुरवठ्याचे तास गिरणीच्या लॉगबुकाशी ताडून घ्यावेत. महिन्यात दहा तास पुरवठा बंद असेल आणि ते तास छेदातून वजा झाले नसतील, तर १,४०० केव्हीएवर लोड फॅक्टर एका टक्क्याहून जास्त कमी दिसतो आणि सुमारे ५४ हजार रुपये बिलात कमी मिळतात. असा फरक आढळला तर त्याच महिन्यात मीटरच्या नोंदीसह लेखी कळवावे.